पाव तास पुढे
सहाला टॅक्सी येणार होती. पुण्याला परतण्याआधी नंदिनीनं आईसाठी आणलेला नवा लॅपटॉप सुरू केला, प्रदेश म्हणून भारत निवडला अन् घड्याळ आपोआप लागलं. आईनं भिंतीकडे पाहिलं. "पाव तास मागं दाखवून राहिला वं हा." भिंतीवरचं घड्याळ बाबांनी पुढे केलेलं, खापरखेड्याच्या वीजकेंद्राची बस चुकू नये म्हणून. ते वारल्यावरही त्याला कोणी हात लावला नव्हता. "आता कोणती बस पकडायची तुले?" नंदिनीनं विचारलं. आई स्वप्नात असल्यासारखी हसली. "बूट घालून दारातल्या खुर्चीत बसत ते. तेवढा पाव तास माह्यासंग चहा पेत. ड्यूटीचा नव्हता वं तो टाइम, आमचा होता." नंदिनीनं लॅपटॉपचं घड्याळही पुढे केलं. घरात सहा वाजले. बूट घालून ती त्या खुर्चीत बसली. आईनं चहा गाळला. टॅक्सीला, बाहेरच्या नागपुरात, अजून पाव तास होता.