अठ्ठ्याण्णव

सासऱ्यांनी कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर बोटाला लावून माझ्यासमोर धरलं. "अठ्ठ्याण्णव. आणि डॉक्टर म्हणतात, तोंडातल्या गाठीत ऑक्सिजन कमी. उद्यापासून मी रेडिएशनला जाणार नाही."

कॅन्सरची पंधरा रेडिएशनं झाली होती, पंधरा उरली होती. तोंडभर फोड आले होते. पण गाठीतली ऑक्सिजनची कमतरता दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा आत्ता कुठे उतरायला लागला होता. ऑक्सिजन नसलेली गाठ किरणांना दाद देत नाही, मध्येच थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

समजावून थकले होते मी. मांडीवरच्या लेकीच्या झबल्याची नाडी ओढून काढली आणि माझ्या करंगळीला करकचून आवळली. ऑक्सिमीटर त्याच हाताच्या तर्जनीला लावलं.

"किती दिसतं, अण्णा?"

"अठ्ठ्याण्णव."

"आणि करंगळी?"

ती निळी पडत चालली होती.

"अंगात भरपूर आहे, तिथं पोचत नाही. तुमच्या गाठीचं असंच होतं. आता कुठे पोचायला लागलंय."

लेक नाडीकडे झेपावत होती. मी काही सोडली नाही.

"सोड गं ती आधी," ते म्हणाले. "रिक्षा नऊलाच येते ना उद्या?"