डावा गाल

जयंतीताईंनी पर्समधून कॉम्पॅक्ट काढला आणि बाळाच्या डाव्या गालावर पफ फिरवायला सुरुवात केली. बोरिवलीतल्या सोसायटीचा हॉल पाहुण्यांनी भरला होता. पाळणा सजला होता. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचाच.

“ताई, काय करताय?” अस्मिता घाईघाईने जवळ आली.

“अगं, फोटोत नीट दिसायला नको का? मुलीची जात आहे.”

डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत पसरलेला जन्मजात लालजांभळा डाग पावडरीखाली राखाडी दिसू लागला होता. अस्मिताने लेकीला उचललं आणि पदराच्या टोकाने गाल पुसायला घेतला.

“पुसून काय होणार?” ताईंनी आवाज खाली आणला, पण आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल एवढाच. “ग्रहणात पथ्य पाळलं असतंस, तर ही वेळच आली नसती.”

बाळंत झाल्यापासून अस्मिता हे ऐकत होती. आज तिने गिळलं नाही.

“डॉक्टरांनी चित्र काढून समजावलंय, ताई. पोटात बाळाच्या रक्तवाहिन्या अगदी सुरुवातीला बनतात. आधी नुसतं जाळं असतं. मग काही जाड होतात, काही बारीक राहतात, काही जिरून जातात. हिच्या गालातल्या बारीक वाहिन्या रुंदच राहिल्या. बस. कोणी काही केलं म्हणून नाही.”

“डॉक्टर काय, पुस्तकातलंच बोलणार.”

अस्मिताने नवऱ्याकडे पाहिलं. यज्ञेश मरोळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होता. डॉक्टरांना खोदून खोदून प्रश्न विचारले होते ते त्यानेच.

“यज्ञेश, तू सांग ना यांना.”

त्याने तिच्या कोपराला धरून तिला खिडकीशी नेलं. “सगळ्यांसमोर कशाला, यार? सोडून दे ना.”

“का सोडू? तुला माहितीये ना खरं काय ते?”

“माहितीये गं. पण ग्रहणाच्या त्या संध्याकाळी तू कांदा चिरला होतास, हेही खरंच ना?”

अस्मिताने कोपरावरचा त्याचा हात झटकला.

“तुला पोहे हवे होते म्हणून चिरला.” आवाज खाली ठेवायचा तिने प्रयत्नही केला नाही. “तेव्हा लिंबू मागून मागून खाल्लेस. सातवा महिना होता मला! हिचा गाल त्याच्या कितीतरी आधी बनून झाला होता. तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हिची धडधड ऐकून रडला होतास ना? तेव्हा हिचं रक्त कशातून धावत होतं, यज्ञेश?”

बाळ दचकलं आणि रडायला लागलं. रडता रडता गालावरचा डाग गडद होत गेला, पिकल्या जांभळासारखा. बायका बघत राहिल्या. कोणीतरी नजर वळवली.

“आधी शांत कर तिला,” ताई पुढे होत म्हणाल्या. “मग नाव ठेवू.”

“नको. तुम्ही राहू द्या.”

अस्मिताने लेकीच्या कानाशी तोंड नेलं. जे नाव कानात हळूच सांगायचं असतं, ते तिने दारातल्या माणसालाही ऐकू जाईल असं घेतलं.

“गार्गी.”

तिने तिला पाळण्यात ठेवलं, उजव्या कुशीवर, डावा गाल सगळ्यांना दिसेल असा. यज्ञेश दोरी धरायला पुढे आला.

अस्मिताने दोरी त्याला दिली नाही.