इड्वलची जोडी

"तेवढी जोडी देशील ना गं?" फोनवर इड्वलला धाप लागली होती. "आमचे पक्षवाले हटून बसलेत. म्हणतात, बिछान्यातून फोनवर मत दे, नाहीतर समोरच्या बाजूची जोडी शोध."

टेग्वेन सेनेडच्या उपाहारगृहात गार झालेला चहा ढवळत होती. वेल्सच्या या विधिमंडळात रीतच होती. एका बाजूचा सदस्य आजारी पडला, की समोरच्याही एकाने मत द्यायचं नाही, म्हणजे हिशेब सारखा; याला म्हणायचं जोडी. सहीशिक्का काही नाही, नुसता शब्द.

"आज कुमहेलिगचा दवाखाना वाचवायचा ठराव आहे, इड्वल. त्यासाठीच तर खोऱ्यातल्या लोकांनी मला इथं पाठवलंय."

"ठाऊक आहे. मी त्याच दवाखान्यात पडलोय."

"आणि तुमचाच पक्ष त्याला टाळं लावायला निघालाय!"

"पक्षाविरुद्ध या वयात कुठं जाऊ?" तो खोकला. "हो म्हण. मागे बसगाड्यांच्या ठरावाच्या वेळीही म्हणाली होतीस की!"

टोमणा वर्मी लागला. तेव्हा शब्द देऊन तिने ऐनवेळी मत टाकलं होतं. तेव्हापासून 'टेग्वेनचा शब्द' ही सभागृहात चेष्टाच झाली होती. तिला त्याची मनापासून लाज वाटे.

"दिला शब्द," ती म्हणाली.

इड्वल चक्क हसला. "झालं तर मग. आता निवांत झोपतो."

मतदानाची घंटा वाजली. तिच्या बाजूचे लोक लगबगीने आत शिरले. "चल गं, एकेका मताचा प्रश्न आहे!"

टेग्वेन जागेवर बसली आणि हात मांडीवर ठेवले. वर गॅलरीत खोऱ्यातल्या बायका वाकून बघत होत्या. मतं समसमान पडली. अशा वेळी अध्यक्षांचं मत ठरावाच्या विरुद्धच जातं, तसा नियमच आहे. दवाखाना गेला.

बाहेर गॅलरीतून उतरलेल्या म्हाताऱ्या मर्फानवीने तिला अडवलं. "तुझ्या आईचं शेवटचं सगळं त्या दवाखान्यातल्याच पोरींनी केलं ना गं?" टेग्वेन मान खाली घालून निघाली.

संध्याकाळी पावसात गाडी हाकत ती कुमहेलिगला पोचली. इड्वल उशीला टेकून वाट बघत होता. दारातच तिला रडू फुटलं. "या खेपेला पाळला हो मी शब्द. ठराव पडला, पण शब्द पाळला."

इड्वलचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं," तो म्हणाला, "तू शब्द मोडशील, म्हणून तर तुला विचारलं होतं."