साडूचे टायर

"भाऊ, तुम्ही व्हतात म्हनीसन जमनं." चाकाचा शेवटचा नट आवळून दोधू उठला आणि छगनकडे बघून हसला.

छगन हसला नाही. नंदुरबारच्या डाकबंगल्याच्या भिंतीआड दोन मालट्रक उभे होते. एक त्याचा, दुसरा त्याच्या साडूचा, कोरीटच्या दोधूचा. गाड्या तपासून पासिंगचा दाखला देणारे साहेब धुळ्याहून महिन्यातून एकदाच येत, ते आज आले होते. छगनची गाडी सकाळीच पास झाली. मग दोघांनी भिंतीआड येऊन तिची पुढची दोन चांगली चाकं दोधूच्या गाडीला चढवली, आणि दोधूची झिजलेली चाकं छगनच्या गाडीला. यात नवल काहीच नव्हतं. चांगल्या टायरची एक जोडी दोन-तीन गाड्या पास करून देई. रांगेतला जो तो हेच करत होता, आणि एक साहेब सोडले तर सगळ्यांना ते ठाऊक होतं.

दोधूची गाडी आजच पास होणं भाग होतं. कापसाच्या जिनवाल्या शेठनं बजावलं होतं, दाखला आण, दसऱ्यापासून कापूस तुझ्या गाडीत. नाहीतर मी दुसरी गाडी बघतो. छगनला तिथलं काम आधीच मिळालेलं. त्याच्या ताटातलं काही जाणार नव्हतं. तरी त्याच्या पोटात दुखतच होतं. थोरला जावई तो, पण सासरी पहिला पाट दोधूला आणि तुपाची धार लांबते तीही दोधूच्याच ताटात. का, तर म्हणे स्वभाव गोड! आज टायर दिले तेही बायकोनं, सिंधुबाईनं, घरातून निघताना दम भरला म्हणून. "मन्ही बहीननं घर शे ते. टायर द्या, आनि तोंड वाकडं करू नका," असं तिनं दारातच सुनावलं होतं.

दोधूनं गाडी साहेबांपुढे नेली. छगन मागोमाग गेला. जायची काही गरज नव्हती, पण पाय ऐकेनात.

साहेबांनी हॉर्न वाजवून बघितला, दिवे लावून बघितले. मग दोधूला गाडी फाटकापर्यंत पळवून एकदम थांबवायला लावली. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"ब्रेक कोणत्या मिस्त्रीकडून करून घेतलेत?"

"मी घरीच करस, साहेब."

"वा! गाडी जुनी, पण ठेवली आहे बघा कशी." साहेब रांगेतल्या ड्रायव्हरांकडे वळले आणि त्यांची नजर नेमकी छगनवर येऊन थांबली. "तुमची सकाळची गाडी हिच्यापेक्षा नवी ना? पण काय तो चिखल, काय ती धूळ! जरा यांच्याकडून शिका."

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. छगनच्या कानशिलात ठणका बसला. हसा लेको, हसा! त्यानं दातांवर दात आवळले. बायकोचा सकाळचा दम आठवला.

साहेब वाकले. हातातल्या काठीनं त्यांनी पुढच्या टायरवर टकटक केलं. "आणि टायर! माणूस गाडी किती जपून चालवतो, ते टायरच सांगतात. शाबास!"

दोधूनं मान खाली घातली. "तुम्हनी किरपा, साहेब."

"टायर मन्हा शेतस!"

आपणच ओरडलो, हे छगनला सगळे आपल्याकडे बघायला लागल्यावर कळलं. बोललेलं गिळता आलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं गिळलं असतं.

साहेब सावकाश ताठ झाले. "असं? मग तुमच्या गाडीला आत्ता कोणते आहेत?"

भिंतीआड जाऊन त्यांनी छगनच्या गाडीचं पुढचं चाक चाचपलं. टायरवर नक्षीची एक रेघ शिल्लक नव्हती. त्यांनी हात पुढे केला, छगनचा सकाळचा दाखला मागून घेतला आणि घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला. "पुढच्या महिन्यात या. दोघंही. आपापल्या चाकांवर."

तोवर रांगेतल्या मागच्या गाड्या एकेक करून गुपचूप फाटकाबाहेर निघाल्या होत्या. शेवटच्या गाडीतून करमसिंग ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "हाई काय करं, छगनभाऊ? आते समदासनं वाटोळं व्हई गयं!"

दोघं पुन्हा चाकं बदलायला बसले. जिनाचं काम आता दोधूचं गेलं होतं आणि बिनदाखल्याच्या गाडीवर छगनचंही टिकणार नव्हतं. दोधू मुकाट्यानं नट सोडवत होता. तो आता बोलेल, मग बोलेल, म्हणून छगन अंग चोरून वाट बघत राहिला. शेवटी त्यालाच राहवेना.

"बोल ना, दोधू. शिव्या दे, पन बोल."

"काय बोलू, भाऊ? टायर तं तुम्हनाच व्हतात." दोधूनं चाक उचलून बाजूला ठेवलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नाही. तो हात धुऊन आला आणि त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. "चाला, भाकर खाई लेऊत."

त्यानं कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर मोडून अर्धी छगनच्या हातावर ठेवली, त्यावर ठेचा वाढला, कांदा मुठीनं फोडला. मग मांडी घालून जेवायला लागला. मोठाले घास, मन लावून.

छगननं एक घास तोंडात घातला. तो तोंडातच फिरत राहिला, काही केल्या खाली उतरेना. समोर दोधूनं बोटानं ठेचा निपटला आणि उरलेली भाकर पुढ्यात ओढली.

छगन बघत बसला. त्याला आता दोधूच्या भुकेचाही हेवा वाटत होता.