बटणांची पिशवी

"काच जरा पुसून देते," म्हणत सिस्टरनी स्मृतिचिन्ह पुन्हा काढून घेतले, तेव्हा डॉक्टरांनी ते विनातक्रार सोडले. काचेआड एक विटकी कापडी पिशवी टाचून बसवली होती आणि तिच्याखाली दोन बटणे, एक निळे, एक पांढरे. सत्काराला अजून अर्धा तास होता. सभागृहामागच्या त्या खोलीत खुर्च्या पुष्कळ होत्या, माणसे दोनच.

सात वर्षांपूर्वी डॉक्टरांचा प्रयोग याच पिशवीवर चालला होता. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या दुधात नवे थेंब घालावेत की नाही, एवढाच प्रश्न होता. अर्ध्या बाळांना थेंब, अर्ध्यांना नुसते पाणी. बाळ दाखल झाले की सोडत निघे: सिस्टर न पाहता पिशवीत हात घालत. निळे बटण निघाले तर निळ्या झाकणाची बाटली, पांढरे निघाले तर पांढऱ्या झाकणाची. कोणत्या झाकणाखाली काय, हे एकट्या डॉक्टरांना ठाऊक होते. बाटल्या ते स्वतः भरत.

थेंबांवर साऱ्या जगाचा विश्वास होता. डॉक्टरांचाही होता. प्रयोगाअखेर हिशेब लागला तो असा, की निळ्या झाकणाखालच्या थेंबांनी कोवळी आतडी सडत होती. थेंब बंद झाले. ज्या विद्वानांनी डोळे मिटून त्यांची शिफारस केली होती, त्यांनीच आजचा सत्कार योजला होता आणि भाषणेही तेच करणार होते. विद्वत्तेला लाज असते हा समज कोणी पसरवला, याचे संशोधन अद्याप व्हायचे आहे.

गौरवपत्रातले एक वाक्य ठळक छापले होते: 'स्वतःच्या नातीसाठीही त्यांनी अपवाद केला नाही.' नात निळ्या झाकणाची होती. ती महिन्याचीही झाली नाही.

दार लोटून मुलगी आत आली. त्या मृत्यूपासून बापलेकीचे बोलणे 'बरे आहात ना' आणि 'जेवलात का' यांच्यापलीकडे गेले नव्हते.

"माऊ, तू येशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं." तिने त्यांच्याकडे नखशिखांत पाहिले. "कोटाची बटणं चुकलीत तुमची. वरचं खालच्या काजात घातलंय. असेच जाणार होतात स्टेजवर?"

"मी मघापासून सांगतेय, ताई," सिस्टर म्हणाल्या. "पण सर कधी कुणाचं ऐकतात? त्या दिवशीचं सांगते तुम्हाला. मी पिशवीत हात घालणार, तर म्हणाले, द्या इकडे. नात माझी आहे, उद्या कुणी म्हणेल सिस्टरनी माया केली. म्हटलं, अहो सर, मला कुठे माहितीये कुठल्या रंगात काय ते? तर म्हणाले, तरीही. पिशवी घेतली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. एक बटण काढायला केवढा वेळ. मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा देवाचं नाव घेतायत."

"देवाने ऐकलं नाही," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर चौकट टेबलावर ठेवून माईक लागला का ते पाहायला गेल्या. मुलगी पुढे झाली आणि त्यांच्या कोटाची बटणे एकेक सोडवू लागली.

"मी तुमचे पाय धरले होते, बाबा. म्हटलं होतं, दुनियेला काय हवं ते पाजा, माझ्या लेकीला खरं औषध द्या."

"आठवतं."

"तुम्ही म्हणालात, नियम तुझ्या बापालाही लागू आहे."

"म्हणालो होतो."

"तेव्हा वाटलं, हा बाप नाही, दगड आहे. ती गेली तेव्हा धरूनच चालले की तिला पाणी पाजलंत. तुमच्या प्रयोगाचं कुणी नाव काढलं तरी मी उठून जायचे. गेल्या वर्षी धीर करून सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, निळं." तिचा हात थांबला. "मग रात्रंदिवस एकच डोक्यात. तुम्ही माझं ऐकलं असतंत तर? तर तिला मी मारलं असतं, बाबा. माझ्या तोंडच्या शब्दाने. मला जगता आलं नसतं."

डॉक्टर भिंतीकडे पाहत होते.

"तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून ती नुसती नशिबाने गेली. नशिबाने गेलेलं सोसता येतं." शेवटचे बटण तिने योग्य काजात घातले. "एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. सोडतच होती ना?"

"सोडतच होती."

"माझ्या गळ्याची शपथ?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शपथ."

ती त्यांच्या खांद्याला टेकून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "दुसरं येतंय. चौथा सुरू आहे. आता धीर झाला." जरा हसली. "या खेपेला तुमच्या प्रयोगात देणार नाही हं."

"नको देऊस," डॉक्टर म्हणाले.

सभागृहात गौरवपत्राचे वाचन झाले. अपवादाच्या वाक्यावर लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत मुलगीही उभी होती. बापाकडे पाहून ती मान ताठ ठेवून टाळ्या वाजवत होती, आणि सात वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत कधी दिसला नव्हता.

चौकट छातीशी धरून डॉक्टर काचेआडच्या पांढऱ्या बटणाकडे पाहत राहिले. त्या दिवशी खिडकीपाशी पहिल्यांदा हाताला आले ते पांढरेच होते. ते त्यांनी पिशवीत परत टाकले, आणि निळे निघेपर्यंत पुन्हा पुन्हा हात घातला.