दहा सेकंद खात्री

समांतर धावपट्ट्यांवर विमाने एकाच वेळी उतरताना रडारच्या पडद्यावर त्यांच्यामध्ये लाल पट्टा असतो. एखादे विमान भरकटून त्यात शिरल्यास शेजारचे निरपराध विमान तत्क्षणी वळवायचे, हा नियम. नियंत्रक बाईंनी तो पाळला. साहेब कडाडले, "टक्कर झाली का? मग वळवलंत कशाला? विमानात बडी माणसं होती!" बाईंची बदली झाली. साहेबांनी पडद्यालगत स्वहस्ते कागद चिकटवला: 'वळवण्यापूर्वी दहा सेकंद खात्री करावी.' महिन्याभराने बाईंच्या खुर्चीतल्या आज्ञाधारक नियंत्रकासमोर एक ठिपका पट्ट्यात शिरला. नियंत्रक मोजू लागला. आठवर दोन ठिपक्यांचा एक झाला, नऊवर तोही विझला. चौकशीत साहेबांनीच विचारले, "अरे, नियम पाठ असून थांबलास कशाला?" त्याने पडद्याकडे बोट दाखवले. कागदाच्या जागी चिकटपट्टीचे चार डाग उरले होते. साहेब हळहळले, "बाईंची सवयच ती. काहीबाही चिकटवायच्या."