इला म्हणजे काय?

शेजारची सूनबाई तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन बाईंच्या दारात आली. बाईंनी शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलं. आता घरात त्या एकट्याच असतात.

"बाई, हिचं नाव इला ठेवतोय. नक्की अर्थ काय हो? मोबाइलवर जो तो वेगळंच सांगतोय."

"इला म्हणजे पृथ्वी. वाणी, म्हणजे बोलणं, असाही अर्थ आहे. शब्द थेट वेदांमधला."

"अय्या, इतका जुना? हल्ली तर जिकडे तिकडे इला ऐकू येतंय! पण तुमच्या पिढीत नव्हतं ना कुणाचं? नाही, हिचा बाबा म्हणतोय, आजीबाईछाप निघालं तर बदलून टाकू."

बाईंनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं.

"छे गं! मी तरी नाही ऐकलं कधी. ठेव तू बिनधास्त."

सूनबाई खुशीत गेली. बाईंनी दार लावलं आणि घर पुन्हा गप्प झालं. नवरा गेल्यापासून त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.



आता भिंतीपलीकडून "इला, ए इलू" अशी हाक आली, की बाई हातातलं काम ठेवतात आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू "ओ" देतात.